सोपानचा डबा मी खाल्ला

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. पुण्यात एक खोली भाड्यानं घ्यायची, तिच्यात मुळशीची तीन पोरं कोंबायची आणि वर्षभर वाट बघायची. वर्ष संपता संपता खोलीत सामान कमी आणि किस्से जास्त! पुढं मग लग्नात, मयतीला, एसटीच्या स्टँडवर, जिथं दोघं भेटतील तिथं ते बाहेर पडतात. माझ्या बायकोला तर ते इतके पाठ झालेत की मी चुकलो तर ती आतून ओरडून दुरुस्ती सांगते.

साल एकोणसाठ-साठ. मी बाळू, उरवड्याचा. खाण्यात पुढं, अभ्यासात मागं. दुसरा गणपत. धनगराचा पोरगा, घरची मेंढरं. त्याला गाव विचारलं की म्हणायचा, "आज कुटं हायेत ते बघावं लागंल." तिसरा सोपान, ताम्हिणीचा. घाटातला तो पाऊस, शाळेला जायचं म्हणजे इरल्यातनं, आणि तिथून हा पठ्ठ्या मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलेला. आता इंटर सायन्सला. गावानं त्याला आधीच इंजिनिअर करून टाकलं होतं, परीक्षा तेवढी राहिली होती.

ही सगळी गोष्ट सोपानची आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मधे मधे मी माझं घुसडीन, तिकडं लक्ष देऊ नका.

* * *

आमचं जेवण एसटीनं यायचं. पौडाहून सकाळची गाडी निघाली की कंडक्टरच्या सीटखाली पोरांचे डबे, फडक्यात बांधलेले. आम्ही स्टँडवर जाऊन ते घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीला रिकामे नेऊन द्यायचे. कंडक्टरचं नाव भिकूदादा. कुठलं फडकं कुणाचं ते त्याला तोंडपाठ. आम्हाला तो नावानं हाकच मारत नसे. "निळं फडकं, चल पुढं ये," असं सगळ्या स्टँडवर ओरडायचा.

माझी आई लिहायला शिकलेली नव्हती. डबा हेच आमचं टपाल. एकदा मी कारल्याची भाजी न खाता तशीच परत पाठवली. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर दोन्ही खणांत कारलं! पत्राला उत्तर आलं.

गणपत स्वतःच स्टोव्हवर करून खायचा, कारण आमच्या घरचं तिखट त्याला पुरायचं नाही. आणि सोपानचा डबा यायचा आक्काचा. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, पौडात दिलेली. सासरची माणसं उठायच्या आत ती भावाच्या भाकरी थापून गाडीवर हजर. आईवडील लांब घाटात, त्यामुळं सोपानचं सगळं बघायची ती हीच.

* * *

कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांनी आपल्या खोलीच्या दारावर पाटी लावली होती, की विद्यार्थ्यांनी मनातल्या अडचणी येऊन मोकळेपणानं सांगाव्यात, गुरुवारी तीन ते पाच. कुणी फिरकत नसे. एक तर ती खोली ऑफिसच्या समोर, आत जाणारा सगळ्या कॉलेजला दिसायचा. आणि आत गेला तो येडा, अशी आमची साधी समजूत.

ऑक्टोबरच्या उन्हात एका गुरुवारी गणपत सरळ आत गेला. सरांनी विचारलं, काय अडचण आहे? हा म्हणाला, "ऊन." सरांनी पंखा वाढवला आणि त्याला आरामखुर्ची दिली. गणपत दीड तास झोपला. उठला तेव्हा सर पेपर तपासत बसले होते. म्हणाले, पुढच्या गुरुवारी या.

गणपत दर गुरुवारी जायला लागला. मला म्हणायचा, लई भला मास्तर हाय, जे सांगू ते ऐकतोय, न्हाई सांगितलं तरी चालतंय. इकडं कॉलेजभर झालं की गणपतचं डोकं फिरलंय. मी काळजीनं त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "फिरू द्या की. तितं गर्दी तरी व्हत न्हाई!"

* * *

दिवाळीची सुट्टी संपवून सोपान आला तो गप्पच. तसा तो आधीही बोलका नव्हता. पण आता लेक्चरला जाईना, दाढी करीना, पुस्तक उघडून तासन् तास एकाच पानावर बसायला लागला. मग तेही सोडलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागला.

मी लगेच डॉक्टर झालो. म्हटलं, अभ्यासाचा शीण आहे, याला सिनेमा दाखवू. विनोदी सिनेमा होता, सगळं थेटर खदखदत होतं. हा मधेच मला विचारतो, बाळू, ही माणसं का हसतायत? मला वाटलं, याला गोष्ट कळली नाही. म्हणून इंटरव्हलमध्ये मी त्याला पहिल्यापासून सगळी गोष्ट समजावून सांगितली! काय म्हणावं मला.

गणपतची तऱ्हा वेगळी. त्यानं सोपानची जीभ बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आणि बाजारातनं खडेमीठ घेऊन आला. मी म्हटलं, अरे माणूस आहे तो, मेंढरू नाही. तो म्हणाला, "मेंढरू आसतं तर आतापतूर म्या बरं केलं आसतं. मागं राह्यल्याल्या मेंढराला हाकायचं नसतंय बाळू, त्याच्यापाशी बसायचं आसतंय." आणि बसला. रोज कॉलेज सुटलं की सोपानच्या शेजारी भिंतीला टेकून बसायचा, चकार शब्द न बोलता. मला तेव्हा हसू यायचं. आज वाटतं, त्या खोलीत शहाणपणाचं तेवढं एकच काम चाललं होतं.

* * *

आणि मी काय करत होतो? लाज वाटते, पण सांगतो. मी सोपानचा डबा खात होतो!

तो जेवायचाच नाही. घास मोडायचा आणि ठेवून द्यायचा. आता भरलेला डबा परत गेला की आक्का घाबरणार. सासुरवाशीण बाई, तिच्या जिवाला कशाला घोर? म्हणून पहिल्या दिवशी मी तो संपवला. चांगल्या मनानं संपवला, देवाशपथ. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तीन आठवडे माझा आणि त्याचा, दोन्ही डबे लख्ख धुऊन परत.

तिकडं आक्का खूश. भाऊ पोटभर जेवतोय म्हणून तीन भाकरींच्या पाच झाल्या, वर लोण्याचा गोळा. भिकूदादाकडं तिनं निरोप दिला, पोराच्या अंगी लागतंय का तेवढं बघून सांगा. भिकूदादानं मला खालून वर निरखलं. माझ्या सदऱ्याचं पोटावरचं बटण लागत नव्हतं. म्हणाला, "सांगतो तिला, लागतंय म्हणून. कुणाच्या ते तिनं इचारलं न्हाई."

मी हसलो. त्याला वाटलं, दोस्तादोस्तांत चालायचंच. त्याला तरी काय माहीत, की खोलीत एक माणूस वाळत चाललाय!

* * *

मग एका मंगळवारी सकाळी सोपान उठला. अंघोळ केली. मला आनंद झाला. त्यानं ट्रंक उघडली, आपलं पेन आणि लॉगची टेबलं मला दिली, नवी कोरी चादर गणपतला दिली. म्हणाला, मला आता लागणार नाही, तुम्ही वापरा. आवाज अगदी शांत होता.

मी म्हटलं, बरा झाला एकदाचा. पेनात शाई भरून त्याच्या लॉगच्या टेबलांवर माझं नाव घालायलाही बसलो. गणपतनं चादरीला हात लावला नाही. मला दाराबाहेर ओढून म्हणाला, "ह्यो आवराआवर का करतुया? आमच्यात म्हातारं मानूस आसं सामान वाटाय लागलं की पोरं त्याला एकटं सोडत न्हाईत. तू हितं दारात बस. हलायचं न्हाई." आणि अनवाणीच पळत गेला तो थेट सरांच्या घरी. गुरुवार नव्हता, कॉलेजची वेळ नव्हती. पण त्याला या एका बाबतीत जायला माणूस माहीत होता.

सर पानावरून उठून आले. सोपानच्या वळकटीवर त्याच्याजवळ बसले आणि सरळ विचारलं, "सोपान, जीव द्यावा असं मनात येतं का?"

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, सर, असं विचारू नका, नसलेलं त्याच्या मनात यायचं! सर माझ्यावर रागावले नाहीत. म्हणाले, "बाळू, विचारल्यानं येत नाही. आलेलं असलं तर विचारल्यावर बोलता येतं."

सोपाननं सरांकडं बघितलं. मग म्हणाला, "येतं सर. रोज येतं. सकाळी उठायचं म्हंजी घाट चढल्यावानी वाटतं, आन् वर गेलं की पुन्हा घाटच." आणि रडायला लागला. किती दिवसांनी त्याचा आवाज आम्ही नीट ऐकला. गणपत त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. मी खिशातलं पेन काढून गुपचूप त्याच्या उशाशी ठेवलं.

सरांनी सांगितलं, याला आता क्षणभरही एकटं सोडायचं नाही. उद्या मी बरोबर येतो, मोठ्या इस्पितळात मनाच्या आजाराच्या डॉक्टर बसतात, त्यांना दाखवू. आणि आजच्या आज घरी कळवा. मग सहज विचारलं, जेवतो का हा? गणपत माझ्याकडं बघायला लागला. मी खाली मान घालून सगळं कबूल केलं. सर म्हणाले, "म्हणजे त्याच्या बहिणीला सांगणारी एकच वस्तू होती, ती तुम्ही रोज खाऊन टाकलीत."

असं बोलणं मला आयुष्यात पुन्हा कुणी बोललं नाही, बायकोसुद्धा नाही.

* * *

आता कळवायचं कसं? मी म्हटलं, तार करू. गणपत म्हणाला, अरे, तार गेली की पौडात उघडायच्या आधी रडारड सुरू होईल. त्या काळी तार म्हणजे मयतच! पत्राला दोन दिवस, आणि ते सासऱ्याकडनं वाचून घ्यावं लागणार. शेवटी सरच म्हणाले, डबा परत पाठवा. आज उघडूही नका.

संध्याकाळी मी स्टँडवर गेलो. भिकूदादानं नेहमीसारखा हात पुढं केला आणि डब्याच्या वजनानं तो हात खाली गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, दादा, आजवरचे मी खाल्ले, हा सोपानचा आहे. सोपान आजारी आहे, मनानं. भिकूदादानं तो डबा सीटखाली ठेवला नाही, मांडीवर घेतला.

पुढचं मला त्यानंच नंतर सांगितलं. गाडी पौडाच्या पुढं मुळशीपर्यंत जायची. पौडात त्यानं गाडी थांबवली आणि डबा घेऊन स्वतः आक्काच्या घराकडं चालत गेला. गाडीत माणसं खोळंबली. एक पागोटंवाला चिडून उठला, कंडक्टर गेला कुटं म्हणून. ड्रायव्हर म्हणाला, "त्या ताम्हिणीच्या पोराचा डबा भरल्याला परत आलाय." पागोटंवाला खाली बसला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीला आक्का. सासू काय म्हणेल याची आम्हाला धास्ती होती. तर सासूनंच तिला गाडीत बसवून दिलं होतं, भाऊ बरा झाल्याबिगर माघारी येऊ नको असं बजावून.

* * *

इस्पितळात आमची वरात गेली. आक्का, सर, मी, गणपत, आणि खाकी कपड्यात, गळ्यात चामडी पिशवी अडकवलेला भिकूदादा. त्याची गाडी बारापर्यंत उभी असायची. डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, नऊवारीवर पांढरा कोट घातलेल्या. त्यांनी विचारलं, "यात पेशंट कोण?" कारण सोपान सगळ्यांच्या मागं होता. मग विचारलं, "नातेवाईक कोण?" तर पाच हात वर!

बाई हसल्या नाहीत. सोपानशी एकट्याशी पाऊणएक तास बोलल्या. मग आम्हाला आत बोलावलं. आक्कानं पहिला प्रश्न तोच विचारला, येड्यांच्या इस्पितळात ठेवणार का? बाई म्हणाल्या, "हा आजार आहे. कुणाच्या करणीनं नाही, त्याच्या चुकीनं नाही. वेळ लागेल, मधे मधे मागंही जाईल, पण बरा होतो." आक्कानं पदर डोळ्याला लावला आणि ते "बरा होतो" तेवढं त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

मग बाईंनी कामं वाटून दिली. गोळ्या आक्कानं द्यायच्या, चार आठवडे पौडात स्वतःजवळ ठेवून. दर गुरुवारी भिकूदादानं त्याला गाडीनं आणायचं, पुढच्या सीटवर बसवून. सरांनी कॉलेजचं बघायचं, गणपतनं रविवारी जाऊन त्याच्यापाशी बसायचं. शेवटी माझ्याकडं वळल्या, तुम्ही काय करणार?

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "ह्यो काय करनार न्हाई, बाई. ह्यो फकस्त डब्याला हात लावनार न्हाई."

* * *

पौडात आक्काच्या पडवीत सोपानची खाट. येणारा जाणारा विचारायचाच, पाव्हण्याला काय झालंय? आम्ही पुण्यात शिकलेली पोरं, आम्ही म्हणायचो, पोट बिघडलंय. आक्काची सासू मात्र चुलीपुढनं ठणकावून सांगायची, "मन आजारी हाय त्याचं. इंजिनाला व्हतंय, मग मानसाला व्हनार न्हाई व्हय?" म्हातारी जन्मात एकदाच एसटी बंद पडलेली बघून आली होती, तेवढ्यावर तिचं सगळं ज्ञान.

सासऱ्याचा आग्रह पडला की देवऋषीला दाखवा. सासू म्हणाली, दाखवा की, पण गोळीची वेळ सोडून या म्हणावं त्याला. एका रविवारी देवऋषी आला. मी आणि गणपत तिथंच होतो. त्यानं अंगारा लावला, तांदूळ टाकले, पुटपुटला. सोपाननं निमूटपणे सगळं करून घेतलं. निघताना देवऋषीनं मला गोठ्यामागं नेलं. मी खिसा चाचपायला लागलो. तो इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "ती डॉक्टरीन कंच्या वारी बसती? माज्या धाकल्या भावाला दावायचंय."

पुढच्या गुरुवारी भिकूदादाच्या गाडीत पुढच्या सीटवर दोघं होते.

* * *

फेब्रुवारीत सोपान खोलीवर परत आला. यंदा परीक्षा द्यायची नाही, पुढच्या वर्षी बघू, असं सरांनी आणि बाईंनी त्याला पटवलं होतं. ताम्हिणीला जाऊन त्याच्या वडलांनाही सरांनीच समजावलं. आम्ही पाळीपाळीनं त्याच्याजवळ असायचो. डबा पुन्हा सुरू झाला, पण आता कायदा कडक. सोपान खाईल तेवढं खाईल, उरलेलं जसंच्या तसं पौडात परत.

संध्याकाळी भिकूदादा डबा हातावर तोलायचा आणि आक्काला सांगायचा, आज अर्धी गेली. आज पाऊण. मधेच एखाद्या दिवशी, काहीच न्हाई. त्या दिवशी आमच्याही घशाखाली घास उतरायचा नाही. हो, माझ्यासुद्धा! कधी वाटायचं आता जमलं, आणि दुसऱ्या सकाळी हा पुन्हा भिंतीकडं वळलेला. मग गणपत जाऊन टेकून बसायचा, गुरुवारी बाई गोळी कमीजास्त करायच्या, आणि पुन्हा अर्ध्या भाकरीपासून सुरुवात.

मार्चच्या एका संध्याकाळी मी डबा दिला. भिकूदादानं तोलला. पुन्हा तोलला. झाकण काढून रिकाम्या डब्यात बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, दादा, आईच्यान, मी नाही. तो गाडीत चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला डबे आले आणि डब्यांच्या आधी आक्का उतरली. अंगावर घरातलंच लुगडं, भाकरीचं पीठ मनगटाला तसंच. मी पुढं झालो तर मला ओलांडून तरातरा खोलीकडं निघाली. मी मागनं पळतोय, आक्का ऐका, आक्का ऐका म्हणत.

खोलीत गणपत स्टोव्ह पेटवत होता. सोपान खिडकीत दाढी करत बसला होता, अर्ध्या तोंडाला साबण. आक्कानं त्याच्याकडं बघितलंच नाही. कमरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभी राहिली.

"पुन्हा खाल्लास न्हवं? त्या बाईंनी एवडं सांगितलं, मास्तरांनी सांगितलं. माजा भाऊ तितं मरनाच्या दारात, आन् तुला त्याच्या तोंडातला घास गोड लागतुया?"

मी शपथा घातल्या. आईची, देवाची, परीक्षेची. गणपतनं स्टोव्ह सोडून सांगितलं की आक्का, मी डोळ्यानं बघितलंय, बाळूनं हात लावला न्हाई. तेवढ्यात भिकूदादा गाडी सोडून मागोमाग आला, तोही म्हणायला लागला, पोराच्या तोंडावरनं तरी खरं वाटतंय. आक्का कुणाचं ऐकेना. तीन आठवडे मी तिला फसवलं होतं, तिनं आता माझ्यावर विश्वास ठेवावा तरी कशाला? ती रडत होती आणि मला शिव्या घालत होती, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण यावेळी मी खरंच खाल्लं नव्हतं.

सोपाननं वस्तरा खाली ठेवला. साबणाच्या तोंडानंच तो वळला आणि म्हणाला, "आक्का, नुसती भांडायलाच आलीस व्हय? भूक लागलीय मला. खायाला काय आनलंस?"